भाड्याचा शंख

पुस्तकात त्याला संन्यासी खेकडा म्हणतात. ज्यानं कुणी हे नाव मराठीत आणलं त्यानं ते इंग्रजीतून उचललं, आणि हाताशी होती ती भगवी छाटी त्या मुक्या जनावराच्या अंगावर टाकली. मी गेलं दीड वर्ष या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचतोय. त्याच्यात संन्याशाचं मला काही सापडलं नाही. संन्यासी घर सोडतो. हा जन्मभर घर शोधतो. संन्यासी एकटा हिंडतो. हा घोळक्यात असतो, आणि घोळक्यात असतो तोही घरासाठीच.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, वस्तीत चार दिवसांनी नळाला पाणी येतंय, पोरं डिग्री घेऊन नाक्यावर बसलीत, आणि हा गडी खेकड्यावर लिहितोय. आमच्या अभ्यासवर्गात एकानं तोंडावर सांगितलंच, "तुझे विषय संपले काय रं?" मी म्हटलं, थांब. आधी पूर्ण ऐक, मग शिव्या दे. तुम्हालाही तेच सांगतो.

मी इचलकरंजीच्या बाजूच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण वाचनालयात, तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि मोबाइलवर झालं, मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन. दोन वर्षांमागं वस्तीतली पोरं मिळून मालवणला गेलो होतो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात शंख चालताना बघितले. एक उचलला तर आतून पाय आले आणि लगेच आत गेले, दारावर एक नांगी आडवी. घरमालकानं साखळी न काढता दार किलकिलं करावं तसं. तिथनं मला नाद लागला. पुढं वाचल्यावर कळलं की डबक्यातले ते पाण्यातले भाऊबंद. त्यांच्यातलंच एक कुळ फार पूर्वी पाणी सोडून जमिनीवर आलं. मी लिहितोय ते या जमिनीवरच्यांबद्दल.

या कुळाला शास्त्रात कोएनोबिटिडी म्हणतात. दोनच घराणी. एक कोएनोबिटा, तिच्यात सतराच्या आसपास जाती. दुसरी बिर्गस, तिच्यात एकच जात. उष्ण समुद्रांच्या काठानं जगभर पसरलेत. आपल्या देशात अंदमान-निकोबारला आहेत, लक्षद्वीपला आहेत. मी तिकडं गेलेलो नाही. जाईन असंही वाटत नाही, बोटीच्या तिकिटात आमचा महिना जातो.

आता नावाची गंमत बघा. कोएनोबिटा हे नाव लात्रेय नावाच्या फ्रेंच माणसानं १८२९ साली दिलं. मूळ ग्रीक शब्द आहेत, अर्थ होतो एकत्र जगणारे. ख्रिस्ती लोकांत दोन तऱ्हेचे साधू असत. एक रानात एकटा राहणारा, दुसरे एका छपराखाली सगळे मिळून राहणारे, एका पंगतीत जेवणारे. हे दुसऱ्यांचं नाव आहे. म्हणजे शास्त्र त्याला म्हणतं संघात राहणारा, आणि आमचं पुस्तक म्हणतं संन्यासी. कुठं भिक्खूंचा संघ आणि कुठं हिमालयातला बुवा! आपल्याकडं भाषांतरातही कोण कुणाच्या बाजूनं बसलाय ते तपासावं लागतं.

शरीर त्याचं असं. पुढचा भाग खेकड्याचा, कडक, नांग्या आहेत, डोळे दांड्यावर. मागचा भाग म्हणजे पोट. ते मऊ, सालीशिवायचं, उजवीकडं वळलेलं. निसर्गानं पुढून शिपाई केला आणि मागून उघडा ठेवला. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख लागतो. शंख त्याला बांधता येत नाही. गोगलगाय स्वतःच्या अंगातून घर काढते, हा तिच्या माघारी राहतो. वाढला की शंख लहान पडतो, दुसरा बघावा लागतो. शंखात तो थोडं पाणी बाळगतो, कारण जमिनीवर आला तरी त्याचे कल्ले ओले राहावे लागतात. ते सुकले की श्वास संपला. शंखाबाहेर उन्हात पडला की त्याचे फार तास उरत नाहीत. तेव्हा घर म्हणजे नुसता आडोसा नाही. त्याचं पाणीही त्या घरातच आहे. हे वाक्य मी पाळीत काम करता करता मनाशी दहादा म्हटलं. ज्यांच्या बापजाद्यांना तळ्याचं पाणी १९२७ साली महाडला जाऊन घ्यावं लागलं, त्यांना ते समजावून सांगायला नको.

मादी अंडी सोडायला समुद्राच्या कडेला जाते. पिल्लं समुद्रात तरंगतात, बरीच रूपं बदलतात, शेवटी एक कणाएवढा शंख धरतात आणि काठावर येतात. एकदा आले की आले. मोठ्या झालेल्या या खेकड्याला परत पाण्यात ठेवला तर तो बुडून मरतो. ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात. माझ्या आज्जाची आठवण आली.

आज्जा मुंबईला गिरणीत होता. डिलाईल रोडला एका खोलीत चौदा गडी. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच्याच ऊबेत झोपायचा. सुरुवातीची वर्षं आज्जा बदली. पहाटे गेटवर उभं राहायचं, आत कुणी खाडा केलाय का त्याची वाट बघायची. नाव पुकारलं तर काम. नाही पुकारलं तर चहा पिऊन खोलीवर, म्हणजे तिथंही जागा रिकामी होईपर्यंत रस्त्यावरच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आज्जा दीड वर्ष टिकला, मग गावाला परतला. गाव म्हणालं, आलास व्हय? जुनी कामं तशीच वाट बघत होती. पंधरा वर्षं ज्यानं मशिनीवर सूत कातलं त्याला पाटलाच्या दारात जाऊन उभं राहायची वेळ आली. बाबासाहेब गाव सोडा म्हणाले होते, त्याचा अर्थ मला पुस्तकातनं कळायच्या आधी आज्जाच्या चेहऱ्यावरून कळला. तो आणखी सात वर्षं जगला. आई म्हणते, जगला कसला, बुडत होता.

आता रांगेबद्दल. ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट ही.

हॅरिसन व्हाइट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७० साली एक पुस्तक लिहिलं. चर्चमधल्या पाद्र्यांच्या नोकऱ्यांवर. एक वरची जागा रिकामी झाली की खालचा वर सरकतो, त्याची जागा रिकामी होते, तिथं त्याच्या खालचा येतो. रिकामी जागा वरून खाली प्रवास करते आणि माणसं खालून वर. याला त्यानं रिक्त जागांची साखळी म्हटलं. पुढं आयव्हन चेस या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञानं हीच साखळी शंखातल्या खेकड्यांत दाखवली. आणि २०१० साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या एका बेटावरचा अभ्यास छापून आला. त्यात जमिनीवरच्या खेकड्यांची रांग आहे. किनाऱ्यावर एक मोठा रिकामा शंख आला. एक खेकडा आला, त्याला तो मोठा पडतो. तो निघून जात नाही, जवळ थांबतो. दुसरा येतो. तिसरा येतो. मग सगळे एकमेकाला धरून उभे राहतात, मोठ्यापासून लहानापर्यंत, उंचीप्रमाणे पोरं प्रार्थनेला उभी करावीत तसे. ज्याला तो शंख बरोबर बसतो असा खेकडा आला की तो आपला शंख सोडून आत शिरतो. त्याच्या सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. काही क्षणांत सगळी रांग घर बदलते. शेवटी पडून राहतो तो सगळ्यात लहान, सगळ्यात फुटका शंख.

मी हे मोबाइलवर चित्रफितीत बघितलं. तिसऱ्या पाळीत, सव्वातीनला, कॅन्टीनच्या पायरीवर. आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं. रांगेत प्रश्न एकच होता, तुझ्या अंगाला बसतो का?

लगेच माझ्यातला अभ्यासवर्गवाला जागा झाला. म्हणाला, अरे, ही तर उतरंड! प्रत्येकाचा डोळा वरच्याच्या घरावर, प्रत्येकाच्या पाठीला खालच्याची नांगी. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. दोन दिवस मी याच विचारात होतो. मग वाटलं, नाही. उतरंडीत वरचं मडकं हललं म्हणून खालचं वर जात नाही. इथं एक सरकला की सगळे सरकतात. इथं कुणाचा जन्म कुठल्या शंखात झाला याची नोंद नाही.

आपल्या गिरण्यांत रांग होती, पण तिच्यात मध्येच एक भिंत होती. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंगखात्यात असायची. विणखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. का? तर धोट्यातून धागा ओढताना तो तोंडानं चोखून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडची थुंकी दुसऱ्याला विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. भांडवलदाराविरुद्ध सगळे एक, आणि धाग्याला तोंड लावायची वेळ आली की वेगळे. रिकाम्या जागेची साखळी येत येत रिंगखात्याच्या दारापाशी येई, आणि त्या दारातून पलीकडं जायला तिला परवानगी नसे. आज्जा रिंगखात्यात. माझा बाप इकडं इचलकरंजीला आला, रिंगखात्यात. मी रिंगखात्यात. धोटे जाऊन नव्या तऱ्हेचे माग आले, आता धागा कुणी चोखत नाही. तरी आमचं खातं तेच. मला कुणी अडवलं असं मी म्हणत नाही. मी फक्त साखळी मोजतोय.

खेकड्यांचा स्वर्ग आहे असं मात्र समजू नका. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मार्क लेड्र या संशोधकानं कोएनोबिटाच्या एका जातीवर बरीच वर्षं काम केलं. त्याचे लेख २०१२ ला आले. तिथले खेकडे शंख नुसता घालत नाहीत, आतून कोरतात. मधला पिळाचा खांब झिजवून काढतात. आत जागा वाढते, वजन कमी होतं. असा कोरलेला शंख एकाकडून दुसऱ्याकडं, पिढ्यान्‌पिढ्या जातो. गोगलगायीचा ताजा, न कोरलेला शंख मोठ्या खेकड्याच्या कामाचा राहत नाही, अंग मावत नाही आत. म्हणजे आता त्याला समुद्र घर देऊ शकत नाही, फक्त दुसरा खेकडा देऊ शकतो. म्हणून ते जमतात. जमून एखाद्याला ओढून बाहेर काढतात. तो बाहेर निघाला की रांगेनं सगळे घर बदलतात आणि ज्याला ओढला त्याच्या वाट्याला शेवटचा फुटका तुकडा, नाहीतर काहीच नाही. मघाशी मी म्हटलं ना, घोळक्यात असतो तो घरासाठीच. संघ म्हणून मी उगाच हुरळलो नाही, दोन्ही लिहून ठेवतो.

याच लोकांचा २०१९ चा एक लेख मी तीन रात्री वाचला. तो वाचायला शब्दकोश लागला म्हणून तीन रात्री लागल्या नाहीत. त्यांनी मेलेल्या खेकड्याच्या मांसाचा बारका तुकडा नळीत घालून वाळूत ठेवला. वास सुटला. जमिनीवरचे खेकडे धावत आले, ढीग लागला. खायला आले नव्हते. आपल्यातला कुणी मेला याचा अर्थ एक घर रिकामं झालं. मरणाचा वास म्हणजे त्यांच्याकडं खोली खाली असल्याची पाटी.

माझा बाप २०१८ च्या पावसाळ्यात गेला. छातीचं दुखणं होतं, शेवटी शेवटी दोन पायऱ्या चढला तरी दम लागायचा. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी खात्यातला मुकादम घरी आला. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, बापाच्या आठवणी काढल्या, त्याची सूत जोडायची बोटं कशी चालायची ते सांगितलं. मग उठताना दारात म्हणाला, "वहिनी, जागा रिकामी हाय. पोराला सोमवारी पाठवा. न्हाईतर दुसरा कोणतरी बसंल. चारजण येऊन गेल्यात आत्ताच." चारजण येऊन गेले होते. बापाची राख अजून घरात होती आणि वास चौघांपर्यंत पोचला होता. मी त्यांना दोष देत नाही. त्यातला एक माझ्या वर्गातला होता, त्याच्या घरात चूल कशी पेटते ते मला माहीत आहे.

सोमवारी मी गेलो. पाचवा मीच. बापाचाच लॉकर मिळाला, बापाचीच किल्ली. आत टॉवेल होता, त्याला त्याचा वास. एक अर्धी तंबाखूची पुडी. वर्षभर सगळे मला बापाच्या नावानंच हाक मारायचे, "त्याचं पोरगं". त्याची बोटं जिथं जिथं लागून मशिनीवरचा रंग गेलेला तिथं माझी बोटं बरोबर बसायची. कोरलेला शंख. मला तो अंगाला बसला, हेच मला तेव्हा रात्री झोपू देत नव्हतं.

आता यंदाची गोष्ट. आम्ही राहतो ती खोली मालकानं विकली. तीन महिन्यांची मुदत. घरात आई, मी, धाकटी बहीण. ती नर्सिंगला आहे. मी खोल्या बघायला लागलो. पहिल्या ठिकाणी मालकीण चांगली बोलली, पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, मग विचारलं, आडनाव? माझं आडनाव या लेखाखाली आहेच, वेगळं सांगत नाही. ती म्हणाली, "यांना विचारून सांगते." दुसऱ्या ठिकाणी आडनावावरून कळलं नाही म्हणून गाव विचारलं, गावावरून कळलं नाही म्हणून गल्ली विचारली. तिसऱ्यानं, "आमचं तसं काही नाही हो, आम्ही मानत नाही, पण शेजारी..." या शेजाऱ्याला मला एकदा बघायचं आहे. प्रत्येक घराच्या शेजारी तोच राहतो. चौथ्या ठिकाणी खोली गेली होती. पाचव्याही ठिकाणी गेली होती, पण पाटी महिनाभर तशीच होती.

सहावी खोली मिळतेय. दोन खण, आत नळ, गिरणीपासून सायकलीनं दहा मिनिटं, बहिणीच्या बसचा थांबा समोर. माझ्या पाळीतला जोडीदार त्या गल्लीतला. तो आपल्यातला नाही, पण माझ्या डब्यातलं खातो, बाप गेला तेव्हा खांद्याला खांदा लावून होता. त्यानं तोड काढली. म्हणाला, "करार माझ्या नावावर करतो. आधार कार्ड माझं देतो. तू माझा मावसभाऊ. आडनाव कोण विचारतंय मग? फक्त तेवढा फोटो ट्रंकेत ठेवा म्हणजे झालं." तो मनापासून बोलत होता. मला त्याला चिडून काही बोलता आलं नाही.

फोटो म्हणजे बाबासाहेबांचा. आज्जानं मुंबईत घेतलेला. चौदा जणांच्या खोलीत जो खिळ्यावर होता, गावच्या कुडाला होता, आता इथं आहे.

त्याच आठवड्यात मी बाटल्यांचं वाचलं. हिंदी महासागरात कोकोस (कीलिंग) नावाची बेटं आहेत, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातली. पॅसिफिकमध्ये हेंडरसन नावाचं बेट आहे, माणूस राहत नाही तिथं. दोन्हीकडं समुद्र जगाचा प्लास्टिक कचरा आणून टाकतो. संशोधकांनी तिथल्या बाटल्या, डबे मोजले. २०१९ च्या शेवटी आकडा आला. वर्षाला कोकोसवर सुमारे पाच लाख आठ हजार आणि हेंडरसनवर एकसष्ट हजार खेकडे या बाटल्यांत मरतात. बाटली तोंड वर करून तिरकी पडलेली असते. आत जाणं सोपं. भिंत गुळगुळीत, बाहेर यायला नखाला धर नाही. आत तो मरतो. आणि मेला की वास सुटतो. घर रिकामं झालं! बाहेरचे धावत येतात, आत शिरतात. तेही मरतात, आणखी वास, आणखी येतात. एका डब्यात ५२६ सापडले. पाचशे सव्वीस. आमच्या एका पाळीत एवढी माणसं नाहीत. २०२४ साली आणखी एक अभ्यास आला, लोकांनी काढलेले फोटो गोळा करून. त्यात शंखाऐवजी कचरा अंगावर घातलेले ३८६ खेकडे दिसले, बहुतेकांच्या पाठीवर प्लास्टिकची टोपणं. टोपण हलकं आहे, किनाऱ्यावर पडलेलं आहे, अंगाला बसतंही.

आमच्या गिरणीतले तिघं असे दुसऱ्या नावानं राहतात. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे, आणि आम्ही कधी बोलत नाही. पहिल्यानं दुसऱ्याला सांगितलं, जमतं रे. दुसऱ्यानं तिसऱ्याला. एकाची पोरगी चांगल्या शाळेत जाते, कोपऱ्यावरच्या बाईकडं हळदीकुंकवाला जाते. मी त्याला नावं ठेवणार नाही. पोरीला पाणी मिळावं, उजेड मिळावा एवढंच बघितलं त्यानं. पण गेल्या चौदा एप्रिलला आमची मिरवणूक त्याच्या गल्लीवरून गेली. हलगी वाजत होती, पोरं नाचत होती. वरच्या मजल्यावर त्याची खिडकी. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला, आणि पडद्याच्या कडेला चार बोटं दिसत होती. बोटं हलगीच्या तालावर खिडकीच्या चौकटीवर वाजत होती. मी मान वळवली. नंतर पाळीवर भेटला तेव्हा म्हणाला, "काल आवाज लई होता, झोप न्हाई झाली."

आता राहिला बिर्गस. कुळातला दुसरा. इंग्रजीत त्याला नारळ खेकडा म्हणतात, चोर खेकडाही म्हणतात. लिनियसनं १७६७ ला त्याला नाव दिलं लात्रो, म्हणजे लुटारू. शास्त्राच्या वहीत कायमची नोंद, चोर. इंग्रज सरकारनं १८७१ ला कायदा करून आपल्या भटक्या भावांच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ ला गेला. या खेकड्याचं नाव अजून गेलेलं नाही. त्याचा गुन्हा काय, तर झाडावर चढतो, नारळ फोडतो, सापडेल ते उचलून नेतो.

जमिनीवर राहणाऱ्या सगळ्या सांधेपाय प्राण्यांत हा मोठा. वजन चार किलोपर्यंत. जपानी संशोधकांनी २०१६ ला त्याच्या नांगीची ताकद मोजली, १,७६५ न्यूटनपर्यंत भरली, म्हणजे एकशेऐंशी किलोचं वजन ठेवावं तेवढा दाब. आणि तो शंखाशिवाय राहतो. पोट अंगाखाली दुमडून घेतो, पाठीला स्वतःची कडक कवचं येतात. हे वाचून मी कॅन्टीनमध्ये टेबलावर थाप मारली होती. चहा सांडला. म्हटलं, हा आपला! कविता करायला घेतली, अर्धी झाली, फाडली. कारण पुढचं वाचलं. लहानपणी हाही शंख घालतो. मऊ असतो तेव्हा त्यालाही दुसऱ्याचं घर लागतं. शंख आधी टाकला आणि मग पाठ घट्ट झाली असं होत नाही. आणि एवढी नांगी असूनही माणसानं त्याला खाऊन खाऊन पुष्कळ बेटांवरून संपवला. निकोबारकडं आहे अजून, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय. ताकदवानाला कायद्याची गरज पडते, हे आपल्या तरुण दोस्तांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग म्हणाली, "त्येला कसं कळतंय, आता पाठ घट झाली म्हणून?"

मी म्हटलं, "मोठा झाला की कळत असंल."

"आपण किती मोठं व्हायचं अजून?" ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

बहीण पुस्तकातनं डोकं वर न काढता म्हणाली, "दादा, मला बसथांब्यावर कुणी आडनाव विचारलं तर मी कुठलं सांगू? तेवढं ठरव. कॉलेजात एक आणि गल्लीत एक, माझ्याच्यानं व्हायचं नाही."

जोडीदाराला मी काल पाळी सुटताना सांगितलं. करार माझ्या नावावर, आधार माझं, आडनाव माझं. मालकाशी मी बोलतो, तू सोबत ये, ओळख म्हणून. तो बराच वेळ सायकलच्या हँडलवरची रुई पुसत राहिला. म्हणाला, "खोली जाईल रे." मी म्हटलं, जाईल कदाचित. महिनाभराची मुदत उरलीय. तो म्हणाला, "येतो."

रविवारी सकाळी दहाला जायचंय. आईला म्हटलं तूही चल, नळ कसा आहे बघायला. ती तयार झाली. रात्री पिशवी भरत होती, पाण्याची बाटली, माझ्या पगाराच्या पावत्या, रेशनकार्ड. मग खुर्चीवर चढून भिंतीवरचा फोटो थोडा बाजूला केला, मागं हात घातला आणि खिळा हलवून बघितला. तो पक्का होता, निघाला नाही. तेव्हा डब्यातनं दुसरा शोधून तिनं पिशवीत टाकला.